बार्सिलोनाची गोदी आणि दम्याचे तेरा दिवस

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांत फरक काय? उदाहरण द्या." उत्तरही ठरलेलंच असतं. उन्हाळ्यात आईस्क्रीमचा खप वाढतो, त्याच दिवसांत बुडून मरणाऱ्यांची संख्याही वाढते, पण म्हणून आईस्क्रीममुळे माणसं बुडतात असं होत नाही. पॅनेलवरच्या लोकांनी हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते चहाकडे बघायला लागतात. उदाहरण चूक नाही, पण ते अर्धंच काम करतं. सहसंबंधावरून कारण काढू नये एवढं ते सांगतं. मग कारण काढायचं कसं, हा पुढचा प्रश्न आला की आपण गप्प.

त्या पुढच्या प्रश्नासाठी मी तुम्हाला स्पेनमधल्या बार्सिलोना शहराची गोष्ट सांगणार आहे. माझा स्वतःचा विषय हवेची गुणवत्ता आणि श्वसनविकार यांच्याशी जोडलेला असल्यामुळे हे पेपर मला वाचावेच लागले, पण तुमचा विषय वेगळा असला तरी ही गोष्ट माहीत असू द्या. यात कुठलंही महागडं उपकरण मुख्य पात्र नाही. मुख्य पात्र आहे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातलं रजिस्टर, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे कॅज्युअल्टीचं रजिस्टर म्हणतात ते.

१९८१ पासून बार्सिलोनातल्या डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. अधूनमधून असा एखादा दिवस यायचा की काही तासांत दम्याच्या रुग्णांची रांग लागायची. साधी धाप नाही. झटका एकदम यायचा आणि जोरात यायचा. काहींना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागायचं. काही जण वाचले नाहीत. मग ते सगळं जसं आलं तसं ओसरायचं, आणि पुढचे काही आठवडे किंवा महिने काहीच नाही. १९८७ पर्यंत अशा २६ साथी नोंदल्या गेल्या. त्यांत मिळून सुमारे सातशे माणसं सापडली आणि तातडीच्या विभागात हजाराहून जास्त भेटी झाल्या. म्हणजे काही माणसं एकदा नाही, पुन्हा पुन्हा सापडली.

"साथ" हा शब्द इथे थोडा खटकेल. साथ म्हटलं की आपल्याला पटकी, प्लेग, नाहीतर आत्ताचा कोविड आठवतो. दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण साथ होण्यासाठी रोग माणसातून माणसात जायलाच हवा असं काही नाही; एकाच वेळी बऱ्याच माणसांच्या श्वासात एकच गोष्ट गेली तरी आलेख तसाच उभा राहतो. साथरोगशास्त्रात याला एकस्रोती साथ म्हणतात. लग्नाच्या जेवणातून झालेली विषबाधा हे त्याचं आपल्या ओळखीचं रूप. फरक एवढाच की लग्नाला कोण आलं होतं हे यजमानाला विचारता येतं. हवा कोण कोण जेवलं याची यादी कुणाकडे असणार?

डॉक्टर गप्प बसले नव्हते. १९८३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये या साथींबद्दल पत्र लिहिलं. १९८४ मध्ये आणखी एक पत्र आलं, त्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा हात असावा का याची चर्चा होती. शंका अगदी रास्त. बार्सिलोना दाट वस्तीचं, वाहनांनी भरलेलं, कारखाने असलेलं शहर. समोर समुद्र, मागे कोलसेरोलाचा डोंगर. हवा कोंडली की प्रदूषण साचणारच. आज कुठल्याही शहरात एका दिवसात दम्याचे रुग्ण वाढले तर आपणही आधी गाड्यांच्या धुराकडेच बोट दाखवू.

पण इथे थोडं थांबून विचार करा. वाहनांचा धूर जवळपास रोज असतो आणि शहरभर असतो. झटके मात्र ठरावीक दिवशी, ठरावीक तासांत येत होते. रोज असणारी गोष्ट कधीतरीच घडणाऱ्या घटनेचं एकटीच कारण कशी असेल? बरं, प्रदूषण मोजणारी केंद्रं तेव्हा बहुधा चोवीस तासांची सरासरी देत. दुपारी तीन तास एखादा ढग शहरावरून गेला आणि निघून गेला, तर चोवीस तासांच्या सरासरीत तो पार विरघळतो. आणि हेही तेव्हा, जेव्हा ते यंत्र त्या ढगात जे आहे तेच मोजत असेल. सल्फर डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राला धान्याची धूळ दिसत नाही.

आता रजिस्टरकडे येते. बार्सिलोनाच्या महापालिकेच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जोसेप मारिया आंतो आणि जोर्दी सुनियेर हे दोन संशोधक होते. त्यांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदी एकत्र आणायला सुरुवात केली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. मी सध्या आपल्याकडच्या एका सरकारी रुग्णालयाचं असं रजिस्टर उतरवून घेते आहे, त्यामुळे त्यामागे काय असतं ते सांगू शकते. रात्री दोनला आलेल्या माणसापुढे निदानाच्या रकान्यात कधी "दमा" असतं, कधी नुसतं "धाप", कधी इंग्रजी आद्याक्षरं, कधी फक्त दिलेल्या औषधाचं नाव. वय कधी ४५, कधी "अंदाजे ५०". वेळ बऱ्याचदा केसपेपर काढल्याची असते, दम लागल्याची नाही. पत्त्याच्या जागी गावाचं नाव, तेही बसस्टँडचं. एका रुग्णालयाचं हे असं. चार रुग्णालयांनी "दमा" हा शब्द एकाच अर्थाने वापरावा असं ठरवायचं तर किती बैठका लागतील याचा अंदाज करा. दमा आणि सीओपीडी, म्हणजे बहुतेकदा बिडी-सिगारेटने किंवा धुराने फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या अरुंद होतात तो आजार, यांची गल्लत साठीच्या माणसांत तर फार होते. दोघंही धापा टाकतच येतात आणि दोघांनाही आधी नेब्युलायझरच लावला जातो.

नोंदी एकत्र आल्यावर पहिला प्रश्न: साथीचा दिवस म्हणायचं कशाला? "आज फार गर्दी होती बुवा" ही डॉक्टरांची भावना खरी असली तरी व्याख्या म्हणून चालत नाही. त्यासाठी पॉयसाँ वितरण वापरतात. प्रवेश परीक्षेला तुम्ही त्याचं सूत्र पाठ करणारच आहात, तर इथे एकदा वापरून बघा. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा चार तासांत सरासरी ४ दम्याचे रुग्ण येतात. मग निव्वळ योगायोगाने चार तासांत १२ किंवा त्याहून जास्त यायची शक्यता हजारात एकापेक्षा किंचित कमी आहे. वाटतं, झालं, १२ आले की साथ. थांबा. दोन वर्षांत चार-चार तासांचे ४,३८० तुकडे असतात. हजारात एक या हिशेबाने त्यांतले चार तुकडे काहीही कारण नसताना तुमच्या सापळ्यात अडकतील. म्हणून नुसता आकडा बघून भागत नाही. ते रुग्ण काळात जसे गोळा झाले तसे जागेतही एकत्र आहेत का, हेही बघावं लागतं.

जागेचा प्रश्न आंतो आणि सुनियेर यांच्या १९८६ च्या लॅन्सेटमधल्या पेपरात आला. एका साथीतल्या रुग्णांना त्यांनी नकाशावर मांडलं तेव्हा ठिपके शहरभर सारखे विखुरले नव्हते. ते गोदीच्या बाजूला दाटले होते. पेपरच्या शीर्षकातच त्यांनी ही एकस्रोती साथ असल्याचं म्हटलं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर जॉन स्नोने काढलेला पटकीचा नकाशा तुम्ही पाहिला असेलच. पद्धत तीच आहे, पण हवेच्या बाबतीत ती अवघड होते. माणूस पाणी भरायला ठरलेल्या पंपावर जातो, श्वास मात्र जिथे असेल तिथे घेतो. घर एका टोकाला, नोकरी दुसऱ्या टोकाला आणि झटका आला बाजारात, तर नकाशावर ठिपका कुठे द्यायचा? घराच्या पत्त्यावर दिलात तर स्रोत पुसून जाईल. अशा वेळी दम लागला तेव्हा माणूस कुठे होता, हाच उपयोगाचा प्रश्न असतो. रजिस्टरमध्ये तो रकाना नसतो. आपल्या फॉर्ममध्ये तो आपणच घालायचा असतो.

गोदीकडे बोट गेलं, पण गोदी म्हणजे काही एक वस्तू नव्हे. तिथे कोळसा उतरतो, धान्य उतरतं, रसायनं येतात, आजूबाजूला कारखाने असतात. इथून पुढचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण ते बाहेरून बघणाऱ्याला कारकुनी वाटेल. त्यांनी १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत कुठल्या दिवशी कुठल्या जहाजातून कुठला माल उतरला याच्या नोंदी काढल्या आणि साथीच्या दिवसांशेजारी ठेवल्या. त्या दोन वर्षांत साथीचे दिवस होते १३. त्या तेराही दिवशी गोदीत सोयाबीन उतरत होतं.

तेरापैकी तेरा. ऐकायला जबरदस्त वाटतं ना? पण मुलाखतीतला शहाणा परीक्षक इथे लगेच विचारेल, "सोयाबीन रोजच उतरत असेल तर?" बरोबर आहे. रोज उतरत असेल तर तेरापैकी तेराला काहीच अर्थ नाही. सूर्यही तेरापैकी तेरा दिवस उगवला होता. हिशेब असा करा. समजा एखादा माल निम्म्या दिवशी उतरतो. मग तेराही वेळा योगायोगाने जुळण्याची शक्यता २ चा १३ वा घात, म्हणजे ८,१९२ मध्ये एक. तोच माल तीनपैकी एकाच दिवशी उतरत असेल, तर हीच शक्यता सुमारे सोळा लाखांत एक. म्हणजे साथ नसलेल्या शेकडो दिवशी काय घडत होतं याची नोंद तेवढीच मोलाची. नवीन संशोधक हेच विसरतात. घटना घडली त्या दिवसाची माहिती जिवाच्या आकांताने गोळा करतात, आणि न घडलेल्या दिवसांची माहिती कुणी मागितली की म्हणतात, "त्या दिवशी तर काही झालंच नाही."

त्यांच्या पेपरातला एक तपशील मुद्दाम बघण्यासारखा आहे. जोखमीचं गुणोत्तर त्यांनी एका नेमक्या आकड्यात दिलं नाही, फक्त त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादेतली खालची बाजू दिली: ७.२. कारण सोयाबीन न उतरलेल्या दिवशी साथ एकदाही आली नव्हती. छेदात शून्य, म्हणून गुणोत्तर अनंत. अनंत छापता येत नाही. पण "कमीत कमी इतकं तरी" हे सांगता येतं. तुमच्या तक्त्यातही कधी एखाद्या घरात शून्य येईल. तेव्हा घाबरून ते घर शेजारच्या घरात मिळवून टाकू नका, आधी हे आठवा.

त्याच गोदीत सोयाबीनशिवाय आणखी २५ प्रकारचा माल उतरत होता, आणि तो सगळा त्यांनी तपासला. तपासायलाच हवा, नाहीतर सोयाबीनवर आधीच संशय होता म्हणून फक्त तेच पाहिलं, असा आरोप आला असता. पण इतक्या वस्तू तपासल्या की एखादी योगायोगानेच "लक्षणीय" ठरायची भीती असते. तसं एक नाव निघालंही: गहू. मग गहू आणि सोयाबीन दोन्ही एकत्र हिशेबात धरल्यावर गव्हाचा संबंध टिकला नाही. गहू गुन्ह्याच्या जागी हजर होता इतकंच.

आता विरुद्ध बाजूने विचार करा. सोयाबीन तर साथ नसलेल्या कित्येक दिवशीही उतरलं होतं. मग त्या दिवशी लोकांना का नाही झालं? धक्क्यावर माल उतरवण्यात ज्यांचं पोट होतं ते हा प्रश्न विचारणारच, आणि तो योग्यच आहे. उत्तर हवामान खात्याकडे होतं. साथीच्या प्रत्येक दिवशी हवेचा दाब जास्त होता, आणि आग्नेयेकडून ते नैर्ऋत्येकडून मंद वारा होता, म्हणजे गोदीकडून शहराकडे. दाब जास्त असला की हवा वर चढत नाही, आणि वारा मंद असला की ढग पसरून विरळ होत नाही. सोयाबीन आवश्यक होतं, पण पुरेसं नव्हतं. तर्कशास्त्राच्या तासाला हे दोन शब्द कोरडे वाटतात. इथे त्यांच्यावर माणसांचे जीव टांगलेले होते.

तरीही इथपर्यंतचं सगळं कागदावरचं होतं. ती धूळ खरंच शहरात आली का? शहरात हवेचे नमुने गोळा करणारी यंत्रं होती. त्यांतले कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पिष्टाचे कण आणि बीजाच्या सालीच्या पेशी मिळाल्या, आणि त्यांची ठेवण सोयाबीनच्या कणांशी तंतोतंत जुळत होती. वनस्पतीशास्त्र घेऊन एमएस्सी केलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. बीजावरणाच्या पेशी ओळखण्याचं जे प्रात्यक्षिक आपण गुणांसाठी उरकतो, त्यावर इथे एक अख्खा पुरावा उभा राहिला.

मग राहिलं माणसाचं शरीर. सोयाबीनची धूळ नुसती नाकातोंडात जाऊन त्रास देत होती, की या रुग्णांची शरीरं तिला ओळखून प्रतिक्रिया देत होती? १९८९ च्या सुरुवातीला लॅन्सेटमध्ये सुनियेर, आंतो आणि सहकाऱ्यांचा रक्ततपासणीचा अभ्यास आला. साथीच्या दिवशी आलेले दम्याचे ८६ रुग्ण एका बाजूला, आणि ८६ तुलनेचे. ही तुलनेची माणसं कोण असावीत, यात सगळी गंमत आहे. निरोगी माणसं घेतली असती तर फरक दिसलाच असता, पण तो दम्याचा फरक की साथीचा, हे कळलं नसतं. दमेकरी माणूस बऱ्याच गोष्टींना संवेदनशील असतोच. म्हणून त्यांनी तुलनेसाठीही दमेकरीच घेतले, तेही तातडीच्या विभागात आलेले, फक्त साथ नसलेल्या दिवशी. सोयाबीनविरुद्धचं आयजीई प्रतिपिंड साथीच्या ८६ पैकी ६४ जणांच्या रक्तात होतं. दुसऱ्या गटात ८६ पैकी ४ जणांच्या. ऑड्स रेशो तुम्हीच काढा: ६४ गुणिले ८२, भागिले २२ गुणिले ४. साठच्या आसपास येतो. साथरोगशास्त्रात २ किंवा ३ आला तरी लोक पेपर लिहायला बसतात.

पुढच्या वर्षांत प्रयोगशाळांनी तो घटकही शोधला. तो दाण्याच्या आत नव्हता, सालीत होता. अगदी कमी रेणुभाराची प्रथिनं. सोयाबीन खाऊन होणारी अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट, ती मुख्यतः दाण्यातल्या साठवणीच्या प्रथिनांमुळे होते. लातूरकडच्या किंवा विदर्भातल्या मुलांना सालीची धूळ म्हणजे काय हे सांगायला नको. मळणी यंत्राशेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की शर्टाचा रंग बदलतो.

आणि स्रोत? गोदीतल्या सायलोंपैकी एकाच्या माथ्यावर बॅग फिल्टर नव्हते. सायलो म्हणजे धान्य साठवायची उंच टाकी, प्रचंड मोठी कणगी म्हणा. वरून धान्य ओतलं की आतली तेवढीच हवा बाहेर पडणार, आणि ती धूळ घेऊनच पडणार. तिच्या वाटेवर कापडी पिशव्यांची गाळणी असली की धूळ पिशवीत राहते, घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरसारखी. ती नसली की धूळ उंचावरून सुटते आणि वारा नेईल तिकडे जाते. सहा वर्षं, २६ साथी, आणि शेवटी ही गोष्ट निघाली.

हे सगळं १९८९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. त्याआधीच फिल्टर बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं होतं, आणि १९९३ मध्ये त्याच नियतकालिकात पुढचा पेपर आला: फिल्टरनंतर सोयाबीन उतरण्याच्या दिवशीही हवेतलं त्या प्रथिनाचं प्रमाण खूप खाली आलं होतं आणि साथी थांबल्या होत्या. कारण काढून घेतलं की परिणाम जातो का, हा सगळ्यात कडक पुरावा. पण तो मिळेपर्यंत थांबायचं नसतं, हेही या क्रमातच दिसतं. फिल्टर आधी, अंतिम पुरावा नंतर.

आता इतिहासात थोडं मागे जाऊ, कारण मला एक गोष्ट टोचत राहते. धान्याच्या धुळीने दमा होतो हे काही १९८० च्या दशकात कळलेलं नाही. इटलीच्या रामाझिनीने १७०० साली कामगारांच्या आजारांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात धान्य चाळणाऱ्यांच्या खोकल्यावर आणि धापेवर स्वतंत्र प्रकरण आहे. तो झाला कामगारांचा आजार. पण कारखान्याबाहेर राहणाऱ्यांनाही होतो हेसुद्धा कळलेलं होतं: १९२८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात फिग्ली आणि एलरॉड या डॉक्टरांनी तेलाच्या गिरणीतून सुटणाऱ्या एरंडीच्या धुळीमुळे आसपासच्या वस्तीत दमा होत असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे बार्सिलोनाच्या पन्नासेक वर्षं आधी जवळजवळ हीच गोष्ट छापलेली होती. संदर्भ-वाचन म्हणजे मागच्या पाच वर्षांचे पेपर, असं आपल्याला कोर्सवर्कमध्ये शिकवतात. त्या हिशेबाने १९८१ मध्ये कुणाला १९२८ चा पेपर सापडला असता?

न्यू ऑर्लिन्सचं तर आणखी विलक्षण आहे. मिसिसिपी नदीवरच्या या बंदराच्या शहरात १९५० आणि ६० च्या दशकांत, विशेषतः शरद ऋतूत, दम्याच्या अशाच साथी येत. तिथल्या चॅरिटी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात नेहमीच्या कितीतरी पट रुग्ण एका दिवसात येत. धुमसणाऱ्या कचरा डेपोंवर संशय घेतला गेला, बुरशीच्या बीजाणूंवर घेतला गेला, धान्याच्या कोठारांचंही नाव निघालं, पण पक्कं काही ठरलं नाही. साथी कमी होत गेल्या, विषय मागे पडला. बार्सिलोनाचं उत्तर मिळाल्यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या: १९५७ ते १९६८ या काळातल्या चॅरिटी हॉस्पिटलच्या भेटी आणि त्याच काळात बंदरात उभी असलेली जहाजं. १९९७ मध्ये त्यांचा पेपर आला. साथीचे दिवस आणि सोयाबीनची जहाजं यांचा संबंध दिसला. गहू आणि मक्याच्या जहाजांशी दिसला नाही. तीस-चाळीस वर्षांनी. ज्या कारकुनाने ती जहाजांची यादी लिहिली असेल, त्याच्या डोक्यात दमा कशाला असेल?

बार्सिलोनाचं रजिस्टरही गोदीपाशी थांबलं नाही. मघाशी मी सीओपीडीचं नाव घेतलं. सुनियेर आणि सहकाऱ्यांनी त्याच शहरातल्या तातडीच्या विभागांतल्या १९८५ ते १९८९ च्या सीओपीडीच्या नोंदी घेऊन १९९३ मध्ये वेगळा अभ्यास छापला. इथे साथ नव्हती, रांग नव्हती, कुणाच्या लक्षात येईल असा एकही दिवस नव्हता. तरी हवेतला सल्फर डायऑक्साइड दर घनमीटरमागे २५ मायक्रोग्रॅमने वाढला की सीओपीडीच्या भेटी हिवाळ्यात सुमारे ६ टक्के आणि उन्हाळ्यात सुमारे ९ टक्के वाढत, आणि तेही प्रदूषण ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असताना. दिवसाला दहा-बारा रुग्ण येत असतील तर ६ टक्के म्हणजे एक माणूससुद्धा नाही. कुठल्याही डॉक्टरला आपल्या पाळीत हे जाणवणं शक्य नाही. पाच वर्षांचे दिवस एकापुढे एक मांडल्यावरच ते दिसतं. सोयाबीनने एका दिवसात रांग लावली म्हणून ते पकडलं गेलं. गाड्यांचा आणि भट्ट्यांचा धूर रांग लावत नाही. १९८४ च्या पत्रातली प्रदूषणाची शंका साथींच्या बाबतीत टिकली नाही, पण रोजच्या भेटींच्या बाबतीत शहरातल्या धुराचा हात निघालाच. पुढे १९९० च्या दशकात युरोपातल्या अनेक शहरांनी मिळून हेच काम एका समान पद्धतीने केलं. एफिया या नावाने तो प्रकल्प तुम्हाला सापडेल, आणि दम्याच्या तातडीच्या भेटींवरचा त्यांचा पेपर बार्सिलोना, लंडन, पॅरिस आणि हेलसिंकी या चार शहरांवर आहे. काल-श्रेणी विश्लेषण शिकायचं असेल तर सुरुवात तिथून करा, थेट आजच्या गुंतागुंतीच्या मॉडेलांपासून नको.

गोदीचं पुढे काय झालं, हे बऱ्याच व्याख्यानांत सांगत नाहीत, कारण फिल्टर बसले आणि साथी संपल्या इथे गोष्ट छान संपते. प्रत्यक्षात १९९० च्या दशकाच्या मध्याला बार्सिलोनात सोयाबीनच्या दम्याने पुन्हा डोकं वर काढलं. गाळणी असूनही. मग १९९६ ते १९९८ या काळात गोदीत नव्याने नियंत्रण व्यवस्था बसवल्या गेल्या, आणि हवेतलं सोयाबीनचं प्रथिन नियमित मोजायला सुरुवात झाली. त्याचा पहिला लेखाजोखा २००४ मध्ये छापून आला, आणि त्याच्या लेखकांतही आंतो यांचं नाव आहे.